पांढऱ्या काविळीवर प्रतिपिंडाची मात्रा

नागपुरात रक्तदान शिबिरांना तोटा नाही. गणेशोत्सवात मंडळं शिबिरं घेतात, 14 एप्रिलला वस्त्यावस्त्यांत रांगा लागतात, कॉलेजांत तर वर्षभर काही ना काही चालू असतं. अशा शिबिरात रक्त दिलेल्या एखाद्या तरुणाला काही दिवसांनी रक्तपेढीतून फोन येतो, "एकदा येऊन भेटून जा." गेल्यावर कळतं की रिपोर्टमध्ये 'एचबीएसएजी पॉझिटिव्ह' आलं आहे. म्हणजे हिपॅटायटिस बी, लोकांच्या बोलण्यातली पांढरी कावीळ. मुलगा तर धडधाकट. डोळे पिवळे नाहीत, भूक चांगली, कधी कावीळ झाल्याचं घरात कोणाला आठवत नाही. मेडिकल किंवा मेयो रुग्णालयात दाखवलं की डॉक्टर समजावून सांगतात: विषाणू बहुधा लहानपणापासूनच यकृतात आहे, सहा महिन्यांनी पुन्हा तपासू, यकृताची स्थिती पाहू, गरज पडली तर गोळी सुरू करू. ती गोळी मात्र वर्षानुवर्षं, कदाचित कायमची घ्यावी लागेल.

इथे घरातलं कोणीतरी हमखास एक प्रश्न विचारतं. लस घेतलेल्या माणसाच्या रक्तात या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजेच अँटीबॉडीज, तयार होतात आणि त्याला हा आजार होत नाही. या मुलाच्या शरीराला ती पुरेशी तयार करता आली नाहीत, म्हणून आजार चिकटून राहिला. मग तयार प्रतिपिंडंच बाहेरून टोचली तर? कुत्रा चावल्यावर टोचतात, करोनाच्या काळातही दिली होती. इथेच काय अडतं?

प्रश्न अगदी रास्त आहे. संशोधकांनाही तोच पडला आणि माणसांवरच्या चाचण्यांतून त्याचं उत्तर शोधण्याचं काम पंचवीसेक वर्षं चालू आहे. अधूनमधून त्याची बातमी येते, 'हिपॅटायटिस बी आता बरा होणार' असा मथळा लागतो आणि रुग्णांच्या मनात आशा जागते. ती आशा खोटी नाही. पण सुरुवातीच्या चाचण्या नेमकं काय तपासतात आणि काय तपासत नाहीत, हे कळलं तरच तिचं वजन कळेल.

## एका विषाणूमागे हजारो रिकामी कवचं

एचबीएसएजी म्हणजे हिपॅटायटिस बी विषाणूच्या बाहेरच्या आवरणातलं प्रथिन. अमेरिकी शास्त्रज्ञ बारूक ब्लुमबर्ग यांना ते 1960 च्या दशकात एका ऑस्ट्रेलियन आदिवासी माणसाच्या रक्तात सापडलं, म्हणून सुरुवातीला त्याला 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन' म्हणत. ब्लुमबर्ग यांना 1976 चं नोबेल मिळालं आणि त्यांचा जन्मदिवस, 28 जुलै, आज जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळला जातो.

पूर्ण विषाणू 1970 मध्ये लंडनच्या डेव्हिड डेन यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसला. त्याचा व्यास सुमारे 42 नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरच्या रेघेवर असे तेवीस-चोवीस हजार विषाणू ओळीने बसतील. पण रुग्णाच्या रक्तात त्याहून कितीतरी अधिक संख्येने आढळतात ते 22 नॅनोमीटरचे बारके गोळे आणि नळ्या. त्यांत विषाणूचा जनुकीय साठा नसतो. नुसतंच आवरण, आत काही नाही. ते कोणाला आजार देऊ शकत नाहीत. एका खऱ्या विषाणूमागे अशी रिकामी कवचं हजारापासून लाखापर्यंत असू शकतात.

विषाणूला यातून काय मिळतं? प्रतिपिंड आवरण ओळखतं, आत काय आहे ते त्याला कळत नाही. त्यामुळे शरीराने बनवलेली किंवा बाहेरून दिलेली प्रतिपिंडं आधी रिकाम्या कवचांना चिकटून खर्ची पडतात आणि खरा विषाणू गर्दीतून निसटतो.

ही गर्दी केवढी ते आकड्यांत पाहू. प्रौढ माणसाच्या अंगात रक्ताचा पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, साधारण तीन लिटर असतो. एखाद्याच्या दर मिलिलिटर प्लाझ्मात 10 मायक्रोग्रॅम एचबीएसएजी असेल, तर सगळं मिळून ते 30 मिलिग्रॅम भरतं. काही रुग्णांत हे प्रमाण याच्या दहापटही असतं. शिवाय हा साठा स्थिर नसतो. यकृताच्या पेशी रोज नवी कवचं रक्तात सोडत असतात. आज सगळी टिपली तरी उद्या पुन्हा भर पडते.

दुसरा परिणाम याहून गंभीर आहे. वर्षानुवर्षं एकाच प्रथिनाचा मारा होत राहिला की त्याच्याशी लढणाऱ्या प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी हळूहळू निष्क्रिय होतात. वैद्यकात याला टी-पेशींचा थकवा म्हणतात. पेशी असतात, पण कामाला लागत नाहीत. विषाणू लागलेल्या नवजात बाळांपैकी सुमारे 90 टक्क्यांत आजार कायमचा राहतो, प्रौढपणी लागण झालेल्यांत मात्र 5 टक्क्यांहून कमी जणांत. बाळाची प्रतिकारशक्ती अजून घडायची असते आणि ती घडतानाच या प्रथिनाला सरावते.

## गोळी कुठे थांबते

आता पेशीच्या आत जाऊ. यकृताच्या पेशीवर पित्तातले क्षार आत ओढून घेणारं एक प्रथिन असतं, त्याचं संक्षिप्त नाव एनटीसीपी. हिपॅटायटिस बीचा विषाणू त्यालाच धरून आत शिरतो. हे 2012 मध्ये बीजिंगच्या वेनहुई ली यांच्या गटाने शोधून काढलं. विषाणू इतर अवयव सोडून यकृतच का गाठतो, याचं बरंचसं उत्तर त्यात मिळालं.

आत गेल्यावर विषाणू आपला डीएनए पेशीच्या केंद्रकात पोचवतो. तिथे त्याचं एक बंद वर्तुळ तयार होतं. या वर्तुळाकार डीएनएवरून आरएनएच्या प्रती निघतात, त्यांतल्या काहींपासून प्रथिनं बनतात आणि एका प्रकारच्या प्रतीपासून पुन्हा नवा विषाणू-डीएनए तयार होतो. टेनोफोविर, एन्टेकाविर या गोळ्या ही शेवटची पायरी अडवतात. नवे विषाणू बनणं जवळजवळ थांबतं, रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका घटतो, यकृताची सूज ओसरते, सिरॉसिस आणि कर्करोगाचा धोका कमी होतो. या गोळ्यांनी असंख्य लोकांचे प्राण वाचले आहेत.

पण केंद्रकातलं वर्तुळ तसंच राहतं. विदर्भातल्या कोणत्याही शेतकऱ्याला हा अनुभव नवा नाही. वावरात हरळी माजली की वखर फिरवतात. वरची पाती कापली जातात, वावर चार दिवस स्वच्छ दिसतं. जमिनीतली खोडं, म्हणजे काश्या, शिल्लक असतात, पाणी मिळालं की हरळी पुन्हा फुटते. गोळी हे वखराचं काम करते. ती बंद केली की काश्या फुटतात, म्हणून ती चालू ठेवावी लागते.

शिवाय विषाणूच्या डीएनएचे काही तुकडे रुग्णाच्या स्वतःच्या गुणसूत्रांत जाऊन बसतात. त्यांच्यापासून नवा विषाणू बनत नाही, पण आवरणाचं प्रथिन मात्र बनत राहतं. म्हणून वर्षानुवर्षं नियमाने गोळी घेणाऱ्याच्या रक्तात विषाणू सापडत नाही, तरी एचबीएसएजी मात्र पॉझिटिव्हच येतं. गोळी जिथे थांबते तिथून पुढचं काम प्रतिपिंडाकडून करून घेता येईल का, हा या चाचण्यांमागचा खरा प्रश्न आहे.

## प्रतिपिंड काय काय करू शकतं

प्रतिपिंडाचा रेणू इंग्रजी 'वाय' अक्षराच्या आकाराचा असतो. वरचे दोन हात लक्ष्य धरतात. खालची शेपटी प्रतिकारशक्तीच्या पेशींना धरता येते. या दोन टोकांमुळे त्याच्याकडून तीन कामांची अपेक्षा ठेवता येते.

पहिलं काम अटकावाचं. प्रतिपिंड विषाणूच्या आवरणावर बसलं की विषाणूला यकृताची पेशी धरता येत नाही, नव्या पेशींत शिरकाव थांबतो. दुसरं काम साफसफाईचं. हातांनी कवचं धरलेली आणि शेपटी मोकळी असलेली प्रतिपिंडं भक्षक पेशी गिळतात आणि रक्तातलं एचबीएसएजी कमी होतं. तिसरं काम सर्वांत मोलाचं आणि सर्वांत अनिश्चित. गिळलेल्या विषाणूचे तुकडे काही पेशी टी-पेशींना दाखवतात. कवचांचा मारा थांबला आणि त्याच वेळी हे तुकडे नीट दाखवले गेले, तर थकलेल्या टी-पेशी पुन्हा जाग्या होतील, अशी संशोधकांना आशा आहे. बाधित पेशी शोधून नष्ट करण्याचं काम शेवटी शरीरालाच करायचं असतं. केंद्रकातल्या वर्तुळापर्यंत प्रतिपिंड पोचू शकत नाही.

## एक प्रतिपिंड-उपचार रोज दिला जातो

हिपॅटायटिस बीविरुद्ध बाहेरून प्रतिपिंड देण्याची पद्धत जुनी आणि कसाला उतरलेली आहे. आईला हिपॅटायटिस बी असेल तर बाळाला जन्मानंतर शक्यतो पहिल्या 12 तासांत, आणि 24 तासांच्या आत तरी नक्की, एका मांडीत लस आणि दुसऱ्या मांडीत एचबीआयजीचं इंजेक्शन देतात. एचबीआयजी म्हणजे ज्यांच्या रक्तात या विषाणूविरुद्ध भरपूर प्रतिपिंडं आहेत अशा लोकांच्या प्लाझ्मातून वेगळा काढलेला अर्क. विषाणूचं प्रमाण जास्त असलेल्या मातांच्या बाळांना काहीच संरक्षण दिलं नाही तर 100 पैकी 70 ते 90 बाळांना लागण होते. लस आणि एचबीआयजी वेळेवर मिळाली की त्यांतली बहुतेक बाळं वाचतात. हिपॅटायटिस बीमुळे यकृत निकामी होऊन प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांतही नवं यकृत वाचवण्यासाठी हेच प्रतिपिंड वापरतात.

मग बाळाला उपयोगी पडणारं औषध त्याच्या आईला बरं का करत नाही? बाळाच्या अंगात तेव्हा विषाणू मोजकेच असतात आणि ते अजून यकृतात शिरायचे असतात. थोडी प्रतिपिंडं पुरतात. आईच्या यकृतात विषाणू रुजून कित्येक वर्षं झालेली असतात आणि रक्तात कवचांचा पूर असतो. एचबीआयजीमध्ये कामाची प्रतिपिंडं थोडी आणि इतर बरीच असतात. त्यावर हा पूर ओसरत नाही.

तोडगा म्हणून एकाच जातीची, एकाच जागी चिकटणारी, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींकडून हवी तेवढी बनवून घेतलेली प्रतिपिंडं पुढे आली. त्यांना मोनोक्लोनल म्हणतात. ती बनवण्याची रीत 1975 मध्ये जॉर्जेस कोलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी शोधली. महाराष्ट्रातलं याचं ठळक उदाहरण रेबीजचं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने अमेरिकेतल्या मॅसबायोलॉजिक्सच्या साथीने रेबीजविरुद्ध असं प्रतिपिंड तयार केलं. त्याची पहिल्या टप्प्यातली चाचणी मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी निरोगी प्रौढांवर कमी मात्रेपासून सुरू करून चढत्या मात्रेने केली, निष्कर्ष 2012 मध्ये प्रसिद्ध झाले आणि 2017 मध्ये 'रॅबिशिल्ड' बाजारात आलं. रेबीजचं काम मात्र बाळासारखंच आहे, विषाणू मज्जातंतूंत शिरायच्या आत त्याला गाठायचं. जुनाट हिपॅटायटिस बीत ती वेळ कधीच टळलेली असते.

## पहिला टप्पा काय विचारतो

नव्या औषधाच्या माणसांवरच्या चाचण्या साधारण तीन टप्प्यांत होतात. पहिल्या टप्प्यात मोजक्या लोकांवर औषध सुरक्षित आहे का आणि मात्रा किती असावी, ते पाहतात. दुसऱ्यात अधिक रुग्णांवर परिणामाचा अंदाज घेतात. तिसऱ्यात मोठ्या संख्येच्या रुग्णांवर, चालू उपचाराशी तुलना करून, औषध खरंच उपयोगी आहे का याचा निवाडा होतो.

पहिल्या टप्प्यात एवढी सावधगिरी का, हे 13 मार्च 2006 रोजी लंडनमध्ये दिसलं. टीजीएन1412 नावाचं एक प्रतिपिंड सहा निरोगी तरुणांना काही मिनिटांच्या अंतराने देण्यात आलं. प्राण्यांवर ते निर्धोक ठरलं होतं. इथे मात्र दीड तासातच सहाही जणांची प्रतिकारशक्ती बेभान झाली आणि पुढच्या काही तासांत त्यांचे अवयव निकामी होऊ लागले. सगळे बचावले, पण त्यानंतर जगभरात नियम कडक झाले. आता नवं औषध आधी एका-दोघांनाच देतात, त्यांच्यावर लक्ष ठेवतात, मगच पुढच्यांना देतात. मात्राही अत्यंत कमी ठेवून पायरी-पायरीने वाढवतात. एका पायरीवर काही विपरीत दिसलं तर पुढची पायरी चढत नाहीत.

भारतात 2019 च्या 'नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियमां'नुसार केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी, रुग्णालयाच्या नैतिकता समितीची मंजुरी, सहभागी माणसाची समजून-उमजून दिलेली संमती आणि इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाई हे सगळं बंधनकारक आहे. चाचणीची नोंद सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत पहिला रुग्ण दाखल होण्याआधी करावी लागते आणि ती कोणालाही पाहता येते.

हिपॅटायटिस बीत आणखी एक खास धोका असतो. प्रतिपिंड आणि कवचं एकमेकांना चिकटून जे पुंजके होतात, ते मोठ्या प्रमाणात झाले तर मूत्रपिंडाच्या गाळणीत, सांध्यांत आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींत अडकून सूज आणू शकतात. रक्तात कवचं जितकी जास्त, तितका हा धोका जास्त. म्हणून नव्या चाचण्यांत अनेकदा आधी निरोगी स्वयंसेवक घेतात आणि मग असे रुग्ण, ज्यांचा विषाणू गोळ्यांनी दबलेला आहे आणि एचबीएसएजी मुळातच कमी आहे. लघवीतली प्रथिनं, सांधेदुखी, अंगावरचं पुरळ, यकृताची सूज दाखवणारी एसजीपीटी तपासणी, या सगळ्याची नोंद ठेवली जाते.

## 27 रुग्णांनी काय दाखवलं

जुनाट हिपॅटायटिस बीच्या रुग्णांवरची अशा प्रतिपिंडांची एक महत्त्वाची सुरुवातीची चाचणी जेरुसलेमच्या एतान गलून आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केली. त्यांनी एक सोडून दोन मानवी मोनोक्लोनल प्रतिपिंडांची जोडी वापरली. त्यामागे कारण होतं. विषाणूच्या आवरणात 145 व्या जागी एक अमिनो आम्ल बदललं की अनेक प्रतिपिंडांना ते आवरण ओळखता येत नाही. असा बदललेला विषाणू 1990 मध्ये इटलीत लस घेतलेल्या एका मुलात सापडल्याचं प्रसिद्ध झालं होतं. दोन वेगवेगळ्या जागा धरणारी प्रतिपिंडं एकत्र दिली तर विषाणूला निसटणं अवघड जातं.

चाचणीत एकूण 27 रुग्ण होते. पहिल्या भागात 15 जणांना पाच गटांत एकेकच मात्रा मिळाली, 0.26 मिलिग्रॅमपासून 40 मिलिग्रॅमपर्यंत. दुसऱ्या भागात 12 जणांना दर आठवड्याला एक अशा चार मात्रा मिळाल्या, प्रत्येक वेळी 10 ते 80 मिलिग्रॅम. वर केलेला 30 मिलिग्रॅमचा हिशेब इथे आठवावा. 0.26 मिलिग्रॅम त्या पुरात कुठे दिसणारही नाही. ती मात्रा आजार हटवण्यासाठी नव्हतीच, ती फक्त सुरक्षितता पाहण्यासाठी होती. ज्या रुग्णांत प्रतिपिंडाचं प्रमाण एचबीएसएजीच्या मानाने पुरेसं होतं, त्यांचं एचबीएसएजी झपाट्याने उतरलं, मोजता येणार नाही इतकं, आणि विषाणूचा डीएनएही घटला.

बातमीचा मथळा इथेच संपतो, पण विज्ञान इथून सुरू होतं. प्रतिपिंड अंगात असेपर्यंतच हा परिणाम टिकतो. शरीरातलं साधारण प्रतिपिंड तीन आठवड्यांत निम्म्यावर येतं. यकृत मात्र कवचं सोडतच राहतं. ही जोडी पुढे बाजारात आली नाही. तरी तिने दोन गोष्टी दाखवून दिल्या: प्रतिपिंड देऊन माणसाच्या रक्तातलं एचबीएसएजी खरोखर उतरवता येतं, आणि एवढ्याने आजार संपत नाही.

## शेपटी बदललेलं प्रतिपिंड

पुढच्या पिढीने शेपटीवर काम केलं. अमेरिकेतल्या व्हिर बायोटेक्नॉलॉजी या कंपनीचं टोबेविबार्ट हे प्रतिपिंड त्यातलं एक. त्याच्या शेपटीत असे बदल केले आहेत की ते रक्तात जास्त दिवस टिकावं आणि प्रतिकारपेशींना जास्त घट्ट धरता यावं, म्हणजे वर सांगितलेल्या तिसऱ्या कामाला जोर मिळेल. ते सलाईनमधून द्यावं लागत नाही, त्वचेखाली टोचता येतं. पहिल्या गटाला फक्त 6 मिलिग्रॅमची एकच मात्रा दिली होती. 2021 मध्ये जाहीर झालेल्या माहितीनुसार त्यातल्या बहुतेकांचं एचबीएसएजी आठवडाभरात दहापटीहून अधिक उतरलं. पुढच्या गटांना 300 मिलिग्रॅमपर्यंत मात्रा दिल्यावर उतार अधिक काळ टिकला. प्रतिपिंड ओसरलं तसं एचबीएसएजी पुन्हा चढलं.

दहापट, म्हणजे 90 टक्के घट. ऐकायला जवळजवळ विजयच वाटतो. पण हिशेब करून पाहा. समजा सुरुवातीला एचबीएसएजी 3,000 एकक आहे. दहापट उतरलं की 300. आणखी दहापट, 30. मग 3. मग 0.3. मग 0.03. नेहमीच्या तपासणीत ते निगेटिव्ह येण्यासाठी 0.05 च्या खाली जावं लागतं. म्हणजे अशा पाच पायऱ्यांपैकी 90 टक्के घट ही पहिलीच पायरी आहे. शिवाय प्रतिपिंडात बांधलं गेलेलं एचबीएसएजी साध्या तपासणीत दिसत नाही. ते खरंच गेलं की नुसतं झाकलं गेलं, हे पाहण्यासाठी संशोधकांना ते सुटं करून मोजावं लागतं.

'बरा झाला' कधी म्हणायचं याचाही निकष ठरलेला आहे. सगळे उपचार थांबवल्यानंतर किमान 24 आठवडे एचबीएसएजी निगेटिव्ह आणि विषाणूचा डीएनए मोजता न येणारा राहिला, तर त्याला कार्यात्मक बरेपणा म्हणतात. काश्या तेव्हाही थोड्या राहिलेल्या असू शकतात, पण शरीर त्यांना फुटू देत नाही. उपचाराविना हे वर्षाला साधारण 100 रुग्णांत एखाद्यातच घडतं.

## एकट्या प्रतिपिंडाने भागणार नाही

म्हणून आता प्रतिपिंडाला जोडीदार दिले जात आहेत. विचार सरळ आहे: आधी कवचं बनणं कमी करायचं, मग उरलेली प्रतिपिंडाने टिपायची. पेशीतला विषाणूचा आरएनए नष्ट करणारी औषधं पहिलं काम करतात. गुणसूत्रांत बसलेल्या तुकड्यांपासून निघणारं प्रथिनही त्यांतल्या काहींनी घटतं. टोबेविबार्टची एलेब्सिरान या अशाच औषधाशी जोडी लावून चाचण्या झाल्या. उपचार थांबवल्यावरही एचबीएसएजी निगेटिव्ह राहिलेले रुग्ण त्यांत थोडेच होते, विशेषतः ज्यांचं एचबीएसएजी आधीपासूनच कमी होतं असे. हीच जोडी हिपॅटायटिस डी या आजारावर 2025 मध्ये तिसऱ्या टप्प्यात गेली. डी विषाणू बीचंच आवरण पांघरतो, म्हणून बीच्या आवरणाचं प्रतिपिंड त्यालाही अडवतं.

प्रतिपिंडाविना नुसत्या आरएनए-औषधाचं काय, याचा अंदाज बेपिरोव्हिरसेनच्या 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीतून येतो. 24 आठवड्यांच्या उपचारानंतर 9 ते 10 टक्के रुग्णांत अपेक्षित परिणाम टिकला. 100 पैकी 90 जण अजून बाकी आहेत, आणि आधी जिथे जवळजवळ कोणीच नव्हतं तिथे आता दहा आहेत. या क्षेत्राची खरी प्रगती एवढी आहे आणि ती कमी नाही.

## चौकट : नव्या उपचाराची बातमी वाचताना

- चाचणी कितव्या टप्प्यात आहे? पहिल्या टप्प्याचा प्रश्न सुरक्षिततेचा आणि मात्रेचा असतो, बरेपणाचा नव्हे.
- किती रुग्ण होते आणि त्यांचं सुरुवातीचं एचबीएसएजी किती होतं? कमी असलेल्यांत चांगला परिणाम दिसणं सोपं असतं.
- 'घट झाली' म्हटलंय की 'निगेटिव्ह झालं'? 90 टक्के घट ही पहिली पायरी आहे.
- मोजणी उपचार चालू असतानाची आहे की थांबवल्यानंतरची? थांबवल्यावर 24 आठवडे टिकलं तरच त्याला बरेपणा म्हणतात.
- तुलनेला दुसरा गट होता का? नसेल तर परिणाम औषधाचा की आपोआप झालेला, हे सांगता येत नाही.

## तोपर्यंत आपल्या हातात काय आहे

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2022 मध्ये जगात 25.4 कोटी लोकांना जुनाट हिपॅटायटिस बी होता. त्यांतले सुमारे 2.98 कोटी भारतात होते, आणि बहुतेकांना त्याचा पत्ता नाही. विदर्भात हा विषय अधिक जवळचा आहे, कारण इथे सिकलसेल आणि थॅलेसेमियाच्या मुलांना वारंवार रक्त द्यावं लागतं. मे 2022 मध्ये नागपुरात थॅलेसेमियाच्या चार मुलांना एचआयव्हीची बाधा झाल्याची बातमी देशभर गाजली. काही मुलांना हिपॅटायटिस बी आणि सीची लागण झाल्याचंही तेव्हा समोर आलं. रक्तपेढीत प्रत्येक पिशवीची एचबीएसएजीसाठी तपासणी होते, पण लागण नुकतीच झालेली असेल तर काही आठवडे ते तपासणीत सापडत नाही. म्हणून अशा मुलांना लस वेळेवर देणं आणि रक्तात पुरेशी प्रतिपिंडं तयार झाली का, हे तपासून पाहणं फार गरजेचं आहे.

बाकीच्यांसाठीही रस्ता मोकळा आहे. लस बाळाच्या सरकारी लसीकरणात 2011 पासून देशभर मोफत मिळते. 28 जुलै 2018 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी, गोळ्या आणि बाधित मातेच्या बाळासाठी एचबीआयजी मोफत देण्याची तरतूद आहे. डागा रुग्णालयात असो की गावच्या ग्रामीण रुग्णालयात, गर्भवतीची एचबीएसएजी तपासणी पहिल्याच भेटीत करून घ्यावी. ती पॉझिटिव्ह आली तर बाळंतपण कुठे होणार आणि तिथे एचबीआयजी हजर असेल का, हे आधीच विचारून ठेवावं. बाळाचे पहिले 24 तास पुन्हा मिळत नाहीत. घरात एकाला हा आजार असेल तर बाकीच्यांनी तपासून घ्यावं आणि निगेटिव्ह असलेल्यांनी लस घ्यावी. एकत्र जेवल्याने, मिठी मारल्याने हा आजार पसरत नाही. पसरतो तो रक्तातून, असुरक्षित संबंधातून आणि पुन्हा वापरलेल्या सुईतून.

ज्यांची गोळी चालू आहे त्यांना एक विनंती आहे. नव्या उपचाराची बातमी वाचून, किंवा कावीळ उतरवून देणाऱ्या कोणाच्या भरवशावर, गोळी मनाने बंद करू नका. अचानक बंद केलेल्या गोळीने विषाणू उसळून यकृत निकामी झाल्याची आणि प्राण गेल्याची उदाहरणं आहेत. एखाद्या चाचणीत भाग घ्यायची संधी आली तर आपल्या डॉक्टरांशी बोला, सीटीआरआयवर नोंद पाहा, संमतीपत्र घरी नेऊन वाचा आणि मगच सही करा. प्रतिपिंडाचा उपचार येईल तेव्हा त्याचा फायदा घ्यायला यकृत शाबूत हवं. ते राखण्याचं काम आजची गोळी आणि दर सहा महिन्यांची तपासणी करते.